दुब्रोव्हनिक: तटबंदीच्या आतलं शहर, मे महिना आणि सोबत ज्येना (ज्येष्ठ नागरिक)

निशिगंधा

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात क्रोएशियाला जायचं जवळजवळ ठरलं आहे. आम्ही दोघं, आठवीतली लेक आणि सत्तरीच्या सासूबाई. एका टूरवाल्याने दिलेल्या कार्यक्रमात दुब्रोव्हनिकसाठी अर्धा दिवस आहे: सकाळी दहाला उतरायचं, गाइडबरोबर फेरी, जेवण आणि बसने पुढे. फोटो पाहून माझं मन काही अर्ध्या दिवसावर मानत नाही. समुद्रात घुसलेलं दगडी शहर, भोवती अखंड भिंत, आत लाल कौलांची दाटी. म्हणून टूर सोडून आपलं आपण जायचा विचार आहे.

प्रश्न बरेच आहेत. किती रात्री ठेवाव्यात? राहायचं तटाच्या आत की बाहेर? सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त आहे. त्यांना भिंतीवरून चालता येईल का? त्या आणि मी शाकाहारी. लेकीला समुद्रात डुंबायचं आहे. नवऱ्याला तिथून माँटेनेग्रोतलं कोतोरही बघायचं आहे. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

उनाड_ढग

अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम रद्द केलात हे फार चांगलं केलंत. दहा ते तीन ही तिथली सगळ्यात वाईट वेळ. क्रूझची जहाजं सकाळी ग्रुझ बंदराला लागतात, तिथून बसेस भरभरून माणसं जुन्या शहराच्या पिले दरवाजाशी येतात आणि दुपारनंतर परत जातात. टूरच्या बसेसही त्याच वेळेला. म्हणजे टूरवाला तुम्हाला नेमका गर्दीच्या पोटात नेऊन सोडणार होता.

किमान तीन रात्री ठेवा. चार मिळाल्या तर उत्तम.

तटबंदी

निशिगंधा, तुमचा धागा बघून राहवलं नाही. मला हे शहर अतिशय प्रिय आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

पहिली गोष्ट, दुब्रोव्हनिकचं नियोजन ठिकाणांच्या यादीवरून करू नका, घड्याळावरून करा. जुनं शहर एवढंसं आहे. स्त्रादुन हा मुख्य रस्ता जेमतेम ३०० मीटरचा, या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा घंटामनोरा दिसतो. सगळी ‘ठिकाणं’ दोन तासांत उरकता येतात, आणि म्हणूनच लोक दोन तासांत उरकतात. शहर खरं भेटतं ते सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. मधला वेळ बेटावर, समुद्रात, एखाद्या संग्रहालयात किंवा सरळ खोलीत झोपून काढा. असं केलंत तर गर्दीचा त्रास निम्म्याहून कमी होतो.

दुब्रोव्हनिक बंदराच्या संकेतस्थळावर कोणत्या तारखेला कोणती जहाजं येणार याचं वेळापत्रक असतं. विमानाची तिकिटं काढण्याआधी ते उघडून बघा. २०१९ पासून महापालिकेने क्रूझ कंपन्यांशी करार करून एका वेळी दोनच जहाजं आणि साधारण ४,००० प्रवासी अशी मर्यादा ठेवली आहे. पूर्वीपेक्षा स्थिती पुष्कळ बरी आहे, तरी दोन जहाजांचा दिवस आणि बिनजहाजाचा दिवस यांत फरक पडतोच. बिनजहाजाचा दिवस भिंतीसाठी राखून ठेवा. जहाजांच्या दिवशी लोक्रुम बेट किंवा जवळचं त्साव्तात गाव.

आता भिंत. लांबी सुमारे १,९४० मीटर, उंची काही ठिकाणी २५ मीटरपर्यंत. जमिनीच्या बाजूला जाडी ६ मीटरपर्यंत आहे, समुद्राच्या बाजूला बरीच कमी. वर चालायचं ते एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट. चढायच्या जागा तीन आहेत: पश्चिमेला पिले दरवाजा, पूर्वेला प्लोचे दरवाजाजवळ आणि तिसरी जुन्या बंदराशी, सेंट जॉन किल्ल्यापाशी. बहुतेक सगळे पिलेवरून चढतात, त्यामुळे रांग तिथेच लागते.

दिशा ठरलेली असल्यामुळे तुम्ही कुठून चढता यावर सगळं अवलंबून आहे. प्लोचेवरून चढलात तर जमिनीकडच्या बाजूचा मोठा चढ आणि सगळ्यात उंच मिन्चेता बुरूज सुरुवातीलाच, ताज्या पायांनी होऊन जातो. पुढे पिलेपर्यंत उतार आणि मग समुद्राची बाजू. धडधाकट माणसांसाठी हा क्रम मला सगळ्यात चांगला वाटतो. भिंत उन्हाळी हंगामात सकाळी आठला उघडते. पावणेआठला दाराशी उभे राहा. वर सावली जवळजवळ नाही, टोपी आणि पाणी हवंच.

सासूबाईंसाठी क्रम उलटा. त्यांना पिलेवरून चढवा. सुरुवातीला एक खडा जिना आहे, तो सावकाश चढावा लागेल. मग बोकार बुरुजावरून समुद्राची बाजू लागते. थोडे चढउतार आहेत, पण मिन्चेतासारखा दम काढणारा चढ नाही, आणि सेंट जॉन किल्ल्यापाशी खाली उतरता येतं. एका बाजूला खाली निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला लोकांच्या परसात वाळत घातलेले कपडे आणि लिंबाची झाडं. अर्धी भिंत झाली म्हणून काही बिघडत नाही, तोच अर्धा भाग जास्त देखणा आहे.

पूर्ण फेरीत हजाराच्या आसपास पायऱ्या होतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उत्साहाच्या भरात पूर्ण फेरी घडवू नका, उरलेल्या दिवसांचा आनंद जाईल.

निशिगंधा

तटबंदी, केवढं नेमकं लिहिलंत! पिले आणि प्लोचेचा हा हिशोब कुठेच वाचला नव्हता. भिंतीचं तिकीट बरंच महाग आहे असं ऐकलं. आणि राहण्याबद्दलही सांगा ना.

उनाड_ढग

महाग आहेच. २०२५ साली मोठ्या माणसाचं तिकीट ४० युरो होतं. पण नुसतं भिंतीचं तिकीट काढूच नका. ‘दुब्रोव्हनिक पास’ घ्या. एका दिवसाचा पास जवळपास त्याच किमतीत मिळतो. त्यात भिंत येते, रेक्टरचा (म्हणजे जुन्या राज्यप्रमुखाचा) राजवाडा आणि आणखी काही संग्रहालयं येतात, शिवाय शहर बस. तीन दिवसांचा पास थोडेच पैसे जास्त घालून मिळतो. तुम्ही तीन-चार रात्री राहणार तर तोच. जाण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर चालू दर पाहून घ्या, तिकडे दर वर्षी बदल होतात.

भिंतीच्या तिकिटात लोव्रियेनाच किल्लाही येतो. तो तटाबाहेर, पिलेच्या पलीकडे कड्यावर एकटा उभा आहे. पुष्कळ लोक हे विसरतात आणि तिकीट तसंच खिशात घेऊन घरी जातात.

शेवंतीची_वेणी

राहण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सगळे ‘तटाच्या आतच राहा’ म्हणतात. आईबाबांना घेऊन गेले होते तेव्हा आम्ही तटाबाहेर, लापाद भागात राहिलो आणि ते फार सोयीचं पडलं.

तटाच्या आत गाडी जात नाही. पिलेला उतरून सामान हाताने न्यायचं. स्त्रादुन सपाट आहे, पण तिच्या उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे सरळ जिने. प्रियेको गल्लीच्या वर पेलिने गल्लीपर्यंत तर खडी चढण. घरमालक जाहिरातीत ‘जुन्या शहराच्या मध्यभागी’ एवढंच लिहितात, किती पायऱ्या ते लिहीत नाहीत. सत्तरीच्या बाईंना दिवसातून तीनदा तो जिना चढायला लावणं बरं नाही.

लापादला एक खाडी आहे. तिच्याकडे जाणारा झाडांचा रस्ता सपाट आहे, तिथे गाड्या येत नाहीत, बसायला बाकं आहेत, खाली समुद्र उथळ. ६ नंबरची बस थेट पिलेला सोडते. आई संध्याकाळी एकटीही फिरायला जाऊ शकत होती, आणि तिला त्याचं फार समाधान होतं.

तटबंदी

शेवंतीची_वेणी, तुमचं म्हणणं पटतं, पण पूर्ण नाही. लापादला राहिलं की पहाट आणि रात्र हातातून जाते. थकलेलं कुटुंब एकदा खोलीवर पोचलं की रात्री दहाला पुन्हा बसमध्ये चढत नाही. आणि रात्री दहाला स्त्रादुनचे चुनखडीचे दगड, शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले, दिव्यांत ओले असल्यासारखे चमकतात. ते बघायचं तर मुक्काम जवळच हवा.

मधला मार्ग आहे. तटाच्या आत, पण स्त्रादुनच्या दक्षिणेला, कॅथेड्रल किंवा गुंदुलिच चौकाच्या आसपास घर बघा. तिथला बराच भाग सपाट आहे. (जेझुइट चर्चचा मोठा जिना टाळा.) घर घेण्याआधी मालकाला दोन प्रश्न लेखी विचारा: पिले दरवाजापासून दारापर्यंत एकूण पायऱ्या किती, आणि घर कितव्या मजल्यावर. जुन्या घरांना लिफ्ट नसते. स्पष्ट उत्तर आलं नाही तर ते घर सोडून द्या.

असं घर मिळालं नाही तर मात्र लापाद. प्लोचेच्या वरचा डोंगरउतार ज्येनांसाठी नको. तिथून दृश्य अप्रतिम आहे, पण रस्त्यापासून घरापर्यंत पायऱ्याच पायऱ्या.

शेवंतीची_वेणी

दक्षिणेकडच्या घराचं पटलं. पायऱ्यांचा प्रश्न लेखी विचारायचा हे तर सगळ्यांनीच लक्षात ठेवावं. तटाच्या आत रात्री उशिरापर्यंत उपाहारगृहांचा आवाज असतो एवढी भर घालते. हलकी झोप असेल तर मागच्या बाजूची खोली मागा.

डॉ_पुस्तकी

थोडा इतिहास इथे असावा असं वाटतं, कारण तो माहीत असला की भिंत वेगळी दिसते.

हे शहर शतकानुशतकं रागुझा नावाचं स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. १३५८ मध्ये व्हेनिसच्या अमलातून सुटलं आणि १८०८ मध्ये नेपोलियनच्या मार्शल मार्मोंने ते बरखास्त केलं. मधली साडेचारशे वर्षं या चिमुकल्या राज्याने एका बाजूला व्हेनिस आणि दुसऱ्या बाजूला उस्मानी साम्राज्य यांच्यामध्ये आपलं अस्तित्व टिकवलं. भिंती भक्कम होत्या, पण मुख्य शस्त्र होतं वाटाघाटी. सुलतानाला दर वर्षी १२,५०० दुकात (सोन्याची नाणी) खंडणी पोचवायची आणि त्या बदल्यात बाल्कनमध्ये व्यापाराची मोकळीक मिळवायची.

आपल्याच माणसांवरही त्यांचा फारसा विश्वास नव्हता. राज्याचा प्रमुख म्हणजे रेक्टर, त्याची मुदत फक्त एक महिना. त्या महिन्यात त्याने राजवाड्यात राहायचं, सरकारी कामाशिवाय बाहेर पडायचं नाही. राजवाड्यात एका दारावर लॅटिनमध्ये कोरलेलं आहे की खासगी गोष्टी विसरा आणि सार्वजनिक कामाकडे लक्ष द्या. लोव्रियेनाचच्या दारावरचा लेख सांगतो की जगातल्या सगळ्या सोन्याच्या मोलानेही स्वातंत्र्य विकणं योग्य नाही. शहरात जिथे तिथे ‘लिबेर्तास’, म्हणजे स्वातंत्र्य, हा शब्द दिसेल. शहर बस कंपनीचंही नाव तेच आहे.

आणि नियम केवढे पुढारलेले! १३७७ मध्ये त्यांनी साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना शहरात शिरण्याआधी ३० दिवस बाहेर थांबवण्याचा कायदा केला. विलगीकरणाचा हा जगातल्या सगळ्यात जुन्या कायद्यांपैकी एक. प्लोचे दरवाजाबाहेर समुद्राकाठी ‘लाझारेती’ या विलगीकरणाच्या इमारती अजून उभ्या आहेत. १४१६ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी. फ्रान्सिस्कन मठातलं औषधाचं दुकान १३१७ पासूनचं, ते आजही तिथे आहे. आठवीतल्या मुलीला हे सगळं नक्की आवडेल.

निशिगंधा

लेक शेजारी बसून वाचते आहे. तिचा प्रश्न: एका महिन्यात रेक्टर काय काम करणार? आणि तिथल्या इमारती सगळ्या एकसारख्या का दिसतात?

डॉ_पुस्तकी

दोन्ही प्रश्न फार चांगले आहेत, तिला शाबासकी द्या.

रेक्टरने फार काही करू नये हाच हेतू होता. खरी सत्ता सिनेटकडे, म्हणजे सरदार घराण्यांतल्या अनुभवी मंडळींकडे होती. एका माणसाच्या हाती महिनाभरच पद राहिलं तर त्याला राजा होण्याची स्वप्नं पडत नाहीत. रात्री शहराचे दरवाजे बंद झाले की किल्ल्या रेक्टरच्या ताब्यात असत.

इमारती एकसारख्या दिसतात त्याचं कारण भूकंप. ६ एप्रिल १६६७ ला शहराचा मोठा भाग कोसळला, हजारो माणसं गेली, मागोमाग आगी लागल्या. त्यानंतर स्त्रादुनची घरं एका आराखड्याने, एकाच उंचीची बांधली गेली. तळमजल्याला दुकान, आणि त्या दुकानाला दार आणि खिडकी मिळून एकच कमान. खिडकीचा कट्टा म्हणजेच गल्ला, दुकानदार आतून माल देणार. स्त्रादुनवर तिला या कमानी मोजायला सांगा. भूकंपातून बचावलेली मोठी इमारत म्हणजे स्पोन्झा राजवाडा, सोळाव्या शतकातला. तो पाहिला की आधीचं शहर किती नाजूक कोरीवकामाचं असेल याची कल्पना येते.

तिथेच जवळ ओर्लांदोचा खांब आहे, १४१८ चा. शिल्पातल्या योद्ध्याच्या हाताची कोपरापासूनची लांबी हे कापड मोजायचं अधिकृत माप होतं, ५१.२ सेंटिमीटर. गिऱ्हाइकाला शंका आली तर भर चौकात मोजून बघायची सोय.

शिडाचं_जहाज

डॉ_पुस्तकी, १९९१ बद्दलही लिहायला हवं. भिंतीवरून खाली बघितलं की काही कौलं भडक केशरी आणि काही फिकट, जुनाट दिसतात. फिकट ती मूळची. भडक ती वेढ्यानंतर बसवलेली.

युगोस्लाव्ह सैन्याने ऑक्टोबर १९९१ मध्ये शहराला वेढा घातला. ६ डिसेंबर १९९१ चा मारा सगळ्यात भीषण होता. जुन्या शहरातल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींना तोफगोळे लागले. त्या वेळी हे शहर १९७९ पासून जागतिक वारसा यादीत होतं, आणि तरीही. पुढे दुरुस्ती इतक्या निष्ठेने झाली की १९९८ मध्ये ‘धोक्यातला वारसा’ या यादीतून ते बाहेर आलं. दरवाजांपाशी कुठे काय लागलं याचा नकाशा लावलेला आहे. लोक तो न बघता आत जातात. कृपया तुम्ही थांबा. स्पोन्झात शहर वाचवताना गेलेल्या माणसांच्या फोटोंची खोली आहे. बरीचशी तरुण पोरं. तिथे पाच मिनिटं तरी जा.

शहरामागच्या सर्ज डोंगरावर, ४१२ मीटरवर, फ्रेंचांच्या काळातला इंपीरियल किल्ला आहे. बचाव करणारे तिथे टिकून राहिले म्हणून शहर हातचं गेलं नाही. आता तिथे त्या युद्धाचं संग्रहालय आहे. वर रोपवेने काही मिनिटांत जाता येतं, सासूबाईंनाही सहज जमेल. जोराचा वारा असेल तर रोपवे बंद ठेवतात, म्हणून तो शेवटच्या संध्याकाळवर टाकू नका. स्वच्छ हवा दिसली की त्याच दिवशी जा.

उनाड_ढग

वाऱ्यावरून आठवलं. तिथे दोन वारे आहेत, बुरा आणि युगो. बुरा ईशान्येकडून, कोरडा, थंड, आभाळ स्वच्छ करणारा. युगो आग्नेयेकडून, दमट, ढगाळ, समुद्र खवळवणारा. युगो सुटला की डोकं जड होतं असं तिथली माणसं म्हणतात. रागुझाच्या काळात युगोच्या दिवसांत महत्त्वाचे निर्णय घेत नसत अशीही गोष्ट सांगतात.

मे महिना उत्तम आहे. दिवसा हवा विशीतली, दिवस मोठा, जुलै-ऑगस्टचा उकाडा नाही. अडचण एकच, पाणी गार असतं. लेकीला डुंबायचं आहे तर तिला आधीच सांगून ठेवा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर पाण्यात उतरता येईल, पण कुडकुडत. समुद्र हाच मुख्य हेतू असेल तर सप्टेंबर सगळ्यात बरा. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा ऊबदार असतं आणि पावसाचा जोर त्यानंतर वाढतो.

किनारे वाळूचे नाहीत, गोट्यांचे आहेत. पाण्यात घालायचे रबरी बूट प्रत्येकाला घ्या. खडकांवर समुद्री साळिंदरं असतात, काटे पायात मोडले तर सुट्टी त्यातच जाते. प्लोचेबाहेरचा बान्ये किनारा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात गजबजलेला. थोडं पुढे सेंट जेकब किनारा शांत आहे, पण तिथे उतरायला बऱ्याच पायऱ्या.

मावशी_बोलते

निशिगंधा बाळा, खाण्याचं कोणी लिहिलंच नाही. मी कट्टर शाकाहारी, लेक-जावयाबरोबर जाऊन आले.

उपाशी राहत नाही. ब्लित्वा मागायची, म्हणजे चाकवतासारखी पालेभाजी बटाट्याबरोबर, ऑलिव्ह तेल आणि लसूण घालून. आपल्या जिभेला लगेच रुचते. पिझ्झा, पास्ता सगळीकडे. बेकरीला पेकारा म्हणतात, तिथे चीज घातलेला बुरेक मिळतो. घेताना ‘मेसो?’ विचारायचं, मेसो म्हणजे मांस. काळा भात दिसला तर तो माखल्यांच्या शाईचा असतो, हौसेने मागवू नकोस. रोझाता नावाचं गोड कॅरॅमल पुडिंगसारखं असतं, अंडं चालत असेल तरच.

गुंदुलिच चौकात सकाळी बाजार भरतो. फळं, सुकामेवा, साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या साली. त्या साली घे, पिशवीत राहतात आणि प्रवासात तोंडात टाकायला बऱ्या. तटाच्या आत जेवण महाग पडतं, म्हणून स्वयंपाकघर असलेली जागा बघ. कुकर नेऊ नकोस, पोह्यांची आणि मेतकुटाची पिशवी ने. पाणी विकत घ्यायचं कारण नाही. पिले दरवाजातून आत शिरलं की समोर मोठं गोल कारंजं आहे, त्याच्या तोट्यांचं पाणी पितात. बाटल्या तिथेच भरायच्या.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. पावसाने ओल्या झालेल्या स्त्रादुनवर त्यांचा हात सोडू नकोस, ते दगड फार घसरतात.

डॉ_पुस्तकी

मावशी, ते ओनोफ्रियोचं कारंजं. पंधराव्या शतकात नेपल्सकडच्या ओनोफ्रियो नावाच्या कारागिराने १२ किलोमीटरवरच्या झऱ्यापासून पाट काढून शहरात पाणी आणलं. तुम्ही बाटली भरलीत ती त्या जागी.

निशिगंधा

मावशी, मेतकुटाचं अगदी मनातलं बोललात. सासूबाईंनी नमस्कार सांगितला आहे आणि ‘अर्धी भिंत तर अर्धी भिंत, पण चालणार’ असं कळवायला सांगितलं आहे.

आता व्हिसा आणि कोतोर. इथे माझा गोंधळ आहे.

शिडाचं_जहाज

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चलन आहे. जुन्या ब्लॉगवर ‘क्रोएशियाचा वेगळा व्हिसा’ आणि ‘कुना’ (जुनं चलन) वाचाल, ते आता लागू नाही. तुमचा जास्तीत जास्त मुक्काम क्रोएशियात असेल तर अर्ज क्रोएशियाकडेच करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मेच्या प्रवासासाठी जानेवारी-फेब्रुवारीतच करून टाका, नंतर भेटीच्या तारखा मिळणं कठीण होतं. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. सासूबाईंच्या विम्यात आधीपासूनच्या आजारांचं काय लिहिलं आहे ते नीट वाचा.

कोतोर माँटेनेग्रोत, म्हणजे शेंगेनच्या बाहेर. वैध शेंगेन व्हिसावर तिथे जाता येतं, पण परत क्रोएशियात शिरताना तो दुसरा प्रवेश धरला जातो. एकच प्रवेशाचा व्हिसा मिळाला असेल तर परतीचा रस्ता बंद. अर्जात ‘बहुप्रवेश’ मागा, कार्यक्रमात कोतोरचा दिवस दाखवा, आणि व्हिसाचा स्टिकर हातात आला की आधी तो रकाना बघा. त्यानंतरच कोतोरचे पैसे भरा.

तटबंदी

कोतोरबद्दल माझं स्पष्ट मत. फार सुंदर गाव आहे, तटबंदीही डोंगरावर चढत गेलेली, पण दुब्रोव्हनिकहून एका दिवसात जाऊन यायला मी सुचवणार नाही. अंतर शंभर किलोमीटरच्या आत असलं तरी सीमेवर किती वेळ थांबावं लागेल ते कोणाच्या हातात नसतं. गुडघे दुखणाऱ्या ज्येनांना घेऊन बसमध्ये तिष्ठत बसायचं, कोतोरला भर दुपारी पोचायचं आणि पुन्हा तीच रांग. कोतोर हवंच असेल तर तिथे दोन रात्री राहा.

भिंतींचंच वेड असेल तर स्तोनला जा. पेल्येशाच द्वीपकल्पाच्या तोंडाशी आहे, तासाभराचा प्रवास, सीमा नाही, व्हिसाचा प्रश्न नाही. रागुझाने तिथली मिठागरं राखण्यासाठी डोंगरावरून भिंत बांधली. आज ५ किलोमीटरहून जास्त भिंत उभी आहे. मीठ म्हणजे राज्याचं मोठं उत्पन्न होतं, दुब्रोव्हनिकचे राजवाडे त्यातून उभे राहिले. मिठागरं अजून चालू आहेत, सपाट आहेत, सासूबाईंना फिरता येईल. तुमच्या मंडळींपैकी जे मासे खातात त्यांना शेजारच्या माली स्तोनची कालवं.

उनाड_ढग

स्तोनला +१. स्प्लिट शहराकडून गाडीने येणार असाल तर वाटेतच लागेल. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाच पूल झाला, सुमारे २.४ किलोमीटरचा. आधी नेउमपाशी बोस्नियाचा छोटा पट्टा ओलांडताना दोनदा सीमा तपासणी व्हायची. आता पुलावरून क्रोएशियातच राहता येतं, एकच प्रवेशाचा व्हिसा असला तरी चिंता नाही. भाड्याच्या गाडीचा नकाशा मात्र कधी कधी जुना रस्ता दाखवतो, तिथे लक्ष ठेवा. आणि दुब्रोव्हनिकला पोचल्यावर गाडी परत करून टाका, पार्किंगचे दर फार आहेत. रेल्वे तिथे नाही, त्यामुळे गाडी, बस, विमान किंवा हंगामात स्प्लिटहून कॅटामरान बोट, एवढेच मार्ग.

निशिगंधा

चर्चा करून असं ठरवलं आहे, चुकत असेल तर सांगा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, जहाजांचं वेळापत्रक बघून तारखा. स्प्लिटहून गाडीने, वाटेत स्तोनला मोठा थांबा, पोचल्यावर गाडी परत. चार रात्री. दक्षिण बाजूचं सपाट जागेवरचं घर शोधते आहे, मालकांना पायऱ्या विचारून ईमेल गेल्या आहेत. नाही मिळालं तर लापाद. एका सकाळी आठला मी, लेक आणि नवरा प्लोचेवरून पूर्ण भिंत. दुसऱ्या सकाळी सासूबाईंबरोबर पिलेवरून समुद्राची बाजू. पण मग भिंतीचं तिकीट आमच्यापैकी एकाला दोनदा पडेल ना? कोतोर रद्द, नवरा तयार झाला. लोक्रुम आणि त्साव्ताततलं एक निवडायचं आहे.

तटबंदी

हो, सोबत जाणाऱ्याचं दुसरं तिकीट पडेल. त्यापेक्षा असं करा. एकाच सकाळी सगळे आठला पिलेवरून चढा. सेंट जॉन किल्ल्यापाशी तुमच्यापैकी एकाने सासूबाईंबरोबर खाली उतरून जुन्या बंदरावर कॉफी प्यायची. बाकीचे दोघं पुढे मिन्चेताकडे. चढ शेवटी येईल, पण तरुण पायांना जमेल. कोण उतरणार हे आदल्या रात्री ठरवून ठेवा.

लोक्रुम घ्या. जुन्या बंदरातून बोटीने पंधरा मिनिटं, मोर फिरत असतात, जुन्या मठाचे अवशेष, पाइनची सावली, आणि समुद्राशी आतून जोडलेलं छोटं खारं तळं. तिथलं पाणी शांत आणि बाहेरच्यापेक्षा जरा कोमट असतं, लेकीचं डुंबणं तिथे होईल. सासूबाईंना सावलीत बसायला जागा भरपूर. बेटावर रात्री राहता येत नाही, शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून घ्या.

डॉ_पुस्तकी

लेकीसाठी एक भर. शहराचा रक्षक संत व्लाहो, म्हणजे सेंट ब्लेझ, दरवाजांवर आणि बुरुजांवर ठिकठिकाणी कोरलेला आहे, हातात शहराची छोटी प्रतिकृती घेऊन. त्याचा उत्सव ३ फेब्रुवारीला असतो. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला साओ ब्रास चर्च आहे, ते याच संताचं. रागुझाचे व्यापारी तिथवर आले होते आणि त्यांचा त्या चर्चशी संबंध होता असं सांगितलं जातं. पुढच्या गोव्याच्या फेरीत तिला दाखवा.

मावशी_बोलते

गोवा नंतर बघू. निशिगंधा, सासूबाईंना नवे बूट घेतले असशील तर आत्तापासून रोज थोडं चालायला सांग त्यांत.

निशिगंधा

मावशी, कालच घेतले, आजपासून सोसायटीत फेऱ्या सुरू. तटबंदी, एकत्र चढून अर्ध्यात उतरायचं फारच पटलं. मी उतरणार, बापलेक पुढे जातील. एका मालकाचं उत्तर आलं आहे: दरवाजापासून १४ पायऱ्या, पहिला मजला. व्हिसाच्या भेटीची तारीख मिळाली की इथे लिहिते.